तुलाधाराचा पत्ता

दसरा-दिवाळीच्या सुमारास घरोघरी खरेदीची चर्चा सुरू होते, आणि त्या चर्चेत लहानथोर सगळेच हिरिरीने भाग घेतात. अशा चर्चेतला एक अगदी लहानसा विषय घेऊन आज थोडा विचार करावयाचा आहे. घरात मोटार आहे. ती चांगली चालते. परंतु तिच्यातले गाणे मनासारखे ऐकू येत नाही. वडिलांना पुण्याहून कोल्हापूरला जाताना कुमार गंधर्व ऐकावयाचे असतात. मुलाला ढोलाचा ठोका छातीवर बसला पाहिजे असे वाटते. आईचे मागणे त्यामानाने माफक, म्हणजे गाण्याचे शब्द कळले म्हणजे झाले. गाडीतले स्पीकर बदलून घ्यावेत, जमल्यास एक अ‍ॅम्प्लिफायर बसवून घ्यावा, यावर तिघांचेही एकमत होते. मतभेद होतो तो पुढच्या प्रश्नावर : कोणत्या दुकानातून?

वरवर पाहता हा प्रश्न बाजारहाटाचा आहे. नीतिविचाराचा त्याच्याशी काय संबंध, असे कोणी विचारील. मला मात्र वाटते की, या लहान प्रश्नाच्या पोटात एक फार जुना प्रश्न दडलेला आहे. जे काम आपल्याला पारखता येत नाही, ते दुसऱ्याच्या हाती सोपवताना त्याच्यावर विश्वास कशाच्या आधारे ठेवावा? आणि तसा विश्वास ठेवण्याजोगा माणूस भेटलाच, तर आपण त्याचे काय देणे लागतो? पहिल्या प्रश्नाचा विचार आपण सगळेच करतो. दुसरा बहुधा कोणाच्या मनातही येत नाही.

मोटारीतले गाणे हे शंभर वर्षांच्या आतले कौतुक आहे. १९३० साली शिकागोच्या पॉल गॅल्विन यांच्या कंपनीने मोटारीत बसवण्याचा रेडिओ विक्रीस काढला, आणि 'मोटर' या शब्दाला त्या काळच्या गाण्याच्या यंत्रांच्या नावांत आढळणारे शेपूट जोडून त्याचे नाव 'मोटोरोला' ठेवले. आपल्याकडे फियाट, अ‍ॅम्बॅसडर आणि पुढे १९८३ मध्ये आलेली मारुती या गाड्या बहुधा मुक्याच घरी येत. त्यांना कंठ फुटे तो बाजारात. मुंबईत लॅमिंग्टन रोड, म्हणजे आजचा डॉ. दादासाहेब भडकमकर मार्ग, रेडिओच्या सुट्या भागांपासून सगळ्या विजेच्या सामानासाठी प्रसिद्ध झाला. पुण्यात मोटारीच्या सामानाला नाना पेठ आणि विजेच्या सामानाला बुधवारातली तपकीर गल्ली. आज मोटार कारखान्यातूनच गात येते. तरीही हौशी माणसाचे त्या गाण्याने समाधान होत नाही, आणि बाजाराची वाट काही चुकत नाही.

आता या खरेदीतली अडचण पाहा. अर्थशास्त्रज्ञांनी मालाचे तीन प्रकार केले आहेत. काही माल पाहून कळतो. मंडईतली मेथीची जुडी घेताना कोणाला विचारावे लागत नाही. काही माल वापरल्यावर कळतो. आंब्याची पेटी आतून कशी आहे हे घरी आणून, फळ कापल्यावरच समजते. फिलिप नेल्सन यांनी १९७० साली हा भेद मांडला. १९७३ मध्ये डार्बी आणि कार्नी या दोघांनी त्यात तिसऱ्या प्रकाराची भर घातली : वापरूनही न कळणारा माल. डॉक्टरांनी सांगितलेली तपासणी खरोखर आवश्यक होती काय, मिस्त्रीने बदललेला भाग खरोखर बिघडला होता काय, हे आपल्याला वापरूनही कळत नाही. येथे उरतो तो निव्वळ भरवसा.

मोटारीतल्या गाण्याच्या दुकानात हे तिन्ही प्रकार एकाच काउंटरवर मांडलेले असतात. स्पीकरचा आकार, चकाकी आणि नाव डोळ्यांना दिसते. आवाज कानाला ऐकू येतो, पण तो दुकानातला आवाज. भिंतीवरच्या फळीत वीस-पंचवीस स्पीकर बसवलेले असतात आणि बटण दाबले की एकामागून एक वाजू लागतात. ती फळी म्हणजे आपल्या गाडीचे दार नव्हे, आणि ती खोली म्हणजे आपली गाडी नव्हे. शिवाय माणसाच्या कानाची एक खोड आहे. दोन आवाजांपैकी जो किंचित मोठा असेल तोच त्याला अधिक चांगला वाटतो. विक्रेत्याचा अंगठा आवाजाच्या बटणावर असतो, आणि महाग स्पीकरच्या वेळी तो अंगठा जरासा वर सरकला तर ते आपल्या लक्षातही येत नाही.

मग आपण खोक्यावरच्या आकड्यांकडे वळतो. आकडे तरी खोटे बोलणार नाहीत, अशी आपली समजूत! खोक्यावर ठळक छापलेले असते, '५० वॅट गुणिले ४'. मोटारीची बॅटरी १२ व्होल्टची. इंजिन चालू असताना हा दाब १४ च्या थोडा वर जातो. दाब वाढवणारी वेगळी योजना यंत्रात नसेल, तर नेहमीच्या ४ ओहमच्या स्पीकरला स्वच्छ आवाजासाठी एवढ्या दाबावर जास्तीत जास्त २५ वॅटच्या आसपास शक्ती मिळू शकते. हा ओहमच्या नियमाचा साधा हिशेब आहे, विज्ञान शिकणारा महाविद्यालयीन मुलगा तो कागदावर करून दाखवील. मग ५० आले कोठून? तो आकडा क्षणभर गाठता येणाऱ्या कमाल शक्तीचा, आणि त्या क्षणी आवाज फाटलेला असतो. आकड्यांचा हा गोंधळ इतका वाढला की, २००३ साली अमेरिकेतील उत्पादकांच्या संघटनेला 'सीईए-२००६' नावाचे मानक ठरवावे लागले. १४.४ व्होल्टचा दाब, ४ ओहमचा भार, आणि आवाजाची विकृती १ टक्क्याच्या आत, अशा मापानेच शक्तीचा आकडा सांगावा, असे त्यात म्हटले आहे. आकडा खरा असला, तरी तो मोठा म्हणजे आवाज मोठा, असेही नाही. शक्ती दुप्पट केली तर आवाज ३ डेसिबलनेच वाढतो; कानाला तो दुप्पट वाटावयाचा तर शक्ती साधारणतः दसपट लागते.

येथवर निदान मोजमाप तरी शक्य आहे. खरी गोष्ट याच्याही पलीकडे, दाराच्या आत घडते. गॅरेजवाले ज्याला 'डोअर पॅड' म्हणतात ते दाराचे आतले आवरण काढून कारागीर काम करतो. कारखान्याची वायर कापून, पिळून, वर चिकटपट्टी गुंडाळता येते. किंवा त्या गाडीसाठी मिळणारा कपलर लावून एकही वायर न कापता जोडणी करता येते. वायर कापली, तर पुढे विजेचा काही बिघाड झाल्यास कंपनी हमी नाकारण्यास निमित्त शोधते. दाराचा पत्रा थरथरू नये म्हणून त्याला आतून डॅम्पिंगचे जड, चिकट थर लावायचे असतात. ते पुरते लावले की दोन तुकड्यांवर भागवले, हे पुन्हा दार उघडल्याशिवाय दिसत नाही. अ‍ॅम्प्लिफायरला बॅटरीपासून जाड वायर न्यावी लागते, आणि तिच्यावर बॅटरीच्या अगदी जवळ, हात-दीड हाताच्या आत, फ्यूज असावा लागतो. कारण वायर कोठे घासून पत्र्याला टेकली, तर त्या फ्यूजखेरीज आग अडवणारे दुसरे काही नसते. पॅड बसवताना प्लॅस्टिकच्या चार क्लिपा तुटल्या तर त्या नव्या घालणे हे पंधरा मिनिटांचे काम; न घातल्यास त्या दिवशी काहीच जाणवत नाही. तीन महिन्यांनी खडखड सुरू होते, आणि आपण रस्त्याला शिव्या देतो!

प्लेटोच्या 'रिपब्लिक' या ग्रंथात एका अंगठीची कथा आहे. गायजीसच्या पूर्वज असलेल्या एका मेंढपाळाची ही कथा. ती अंगठी बोटात फिरवली की माणूस अदृश्य होई. अदृश्य झाल्यावर कोणता माणूस न्यायाने वागेल, असा प्रश्न तेथे ग्लॉकन विचारतो. मला वाटते, दाराचे आवरण उघडून काम करणाऱ्या प्रत्येक कारागिराच्या बोटात काही काळ ती अंगठी असते. घड्याळजी, शिंपी, गवंडी, सोनार या सर्वांच्याच बोटात ती असते म्हणा. पण येथे तिचा खेळ फार उघड दिसतो.

जर्मन तत्त्वज्ञ कांट याने १७८५ च्या आपल्या ग्रंथात एका दुकानदाराचे उदाहरण घेतले आहे. हा दुकानदार अननुभवी गिऱ्हाइकाला फसवत नाही. लहान मूल आले तरी त्याला तोच भाव लावतो. कांट म्हणतो, एवढ्यावरून तो कर्तव्यबुद्धीने वागतो असे म्हणता येत नाही. धंदा चालावा म्हणूनही तो तसे वागत असेल. पुष्कळांना हा कीस काढणे वाटेल. दुकानदार प्रामाणिक आहे ना, मग त्याचा हेतू काय हे उकरून गिऱ्हाइकाला काय करावयाचे आहे? मेथीची जुडी किंवा किलोभर साखर घेताना हे म्हणणे बरोबर आहे. परंतु दाराच्या आतल्या कामाला ते लागू पडत नाही. ज्याची सचोटी नावलौकिकापुरती आहे, त्याची सचोटी जेथवर लोकांची नजर पोहोचते तेथवरच चालते. पॅड बंद झाल्यावर काम चांगले होते ते कारागिराला वाईट काम करवत नाही म्हणूनच. म्हणजे कांटच्या प्रश्नाचे व्यवहारातले मोल आपल्याला स्पीकर बसवताना कळते, आणि त्या दुकानात कांटच्या गोष्टीतले लहान मूल म्हणजे आपणच असतो.

आपल्याकडे महाभारताच्या शांतिपर्वात तुलाधाराची कथा आहे. जाजली नावाच्या तपस्व्याने असे तप केले की, त्याच्या जटांत पक्ष्यांनी घरटे बांधले, पिले वाढवली आणि ती उडून गेली तरी हा हलला नाही. आपण धर्म साधला, असे त्याला वाटले. तेव्हा अदृश्य वाणीने त्याला सांगितले की, वाराणसीच्या तुलाधाराची बरोबरी तुला करता येणार नाही. जाजली वाराणसीला गेला आणि पाहतो तो तुलाधार हा बाजारात माल विकणारा वाणी! त्याने जाजलीला धर्म सांगितला तो आपल्या तराजूच्या भाषेत : माझा तराजू सर्वांना सारखा आहे. ज्या ग्रंथात मोक्षधर्माची एवढी चर्चा आहे, त्यात धर्म शिकण्यासाठी तपस्व्याला एका दुकानाची पायरी चढावयास लावले आहे, ही गोष्ट मला फार अर्थपूर्ण वाटते.

तेव्हा आपल्यापुढचा प्रश्न असा की, नाना पेठेत किंवा लॅमिंग्टन रोडवर तुलाधाराचा पत्ता कसा शोधावा? काही खुणा आहेत. तो खर्चाचा आकडा विचारण्याआधी, आपण कोणते गाणे ऐकता, गाडी कोण चालवते, मागच्या बाकावर कोण बसते, हे विचारतो. तो फळीवरच्या स्पीकरवर न थांबता एखाद्या बसवलेल्या गाडीत आपल्याला बसवून आवाज ऐकवतो, आणि आपण घरून आणलेले, कानाच्या ओळखीचे गाणे लावतो. काम चालू असताना जवळ उभे राहू देतो. काढलेले जुने स्पीकर न मागता परत देतो. मजुरी वेगळी सांगतो आणि वेगळी लिहितो. सर्वांत मोठी खूण म्हणजे तो 'नको' म्हणू शकतो. "काका, तुम्हाला अ‍ॅम्प्लिफायरची गरज नाही. पुढचे दोन स्पीकर बदला, दारांना डॅम्पिंग करून घ्या, महिनाभर ऐका. मग वाटले तर या." असे म्हणणाऱ्याने आपल्या गल्ल्यात येणारे काही हजार रुपये समोरच्या माणसाच्या सोयीसाठी परत ढकललेले असतात.

येथपर्यंत आपण दुकानदाराला तराजूत घातले. पण तराजूला दोन पारडी असतात, आणि दुसऱ्यात आपणच बसलेलो असतो.

एक कल्पित प्रसंग घेऊ. एक सुशिक्षित गृहस्थ शनिवारी अशा दुकानात जातात. दुकानदार तासभर वेळ देतो, तीन गाड्यांत बसवून फरक समजावतो, या गाडीच्या दाराला साडेसहा इंची स्पीकर कोणता चपखल बसेल ते सांगतो. गृहस्थ खोक्याचे छायाचित्र घेतात, "घरी विचारून सांगतो" म्हणतात, आणि जिना उतरता उतरता तोच स्पीकर फोनवरून दीड हजाराने स्वस्त मागवतात. पुढे तो कोठे तरी 'फिटिंग फुकट' अशी पाटी पाहून बसवून घेतात. यात काही गैर झाले काय?

गैर नाही, या बाजूने पुष्कळ सांगता येईल. कायदा मोडलेला नाही. दुकानदाराने दार उघडे ठेवले ते आपखुशीने. आलेला प्रत्येक जण घेईलच, अशी त्याचीही अपेक्षा नसते. दीड हजार रुपये ही कित्येक घरांत लहान रक्कम नव्हे. गिऱ्हाइकाने चार ठिकाणी भाव पाहू नये, हा उपदेश दुकानदारांच्याच सोयीचा आहे. हे सर्व मला मान्य आहे. चार दुकाने हिंडून, ऐकून, मग एक निवडणाऱ्याने उरलेल्या तिघांचा अपराध केला, असे कोणी म्हणणार नाही. कारण प्रत्येक ठिकाणी पाऊल टाकताना, पटले तर येथेच घेईन, ही शक्यता त्याच्या मनात खरी होती. परंतु येथून काहीच घ्यावयाचे नाही असे घरून ठरवून जो जातो, त्याची गोष्ट वेगळी. तो गिऱ्हाइकाचा वेष घेऊन येतो, आणि दुकानदाराचा तास, त्याचा वर्षानुवर्षांचा तयार कान घेऊन जातो. ती वस्तू कपाटात दिसत नाही म्हणून ती नेल्याचेही दिसत नाही. गायजीसची अंगठी आता गिऱ्हाइकाच्या बोटात आहे!

या वागण्याचा परिणाम कसा होतो, हे जॉर्ज अकरलॉफ यांनी १९७० साली एका प्रसिद्ध लेखात दाखवले; पुढे २००१ मध्ये त्यांना अर्थशास्त्राचे नोबेल पारितोषिक विभागून मिळाले. त्यांचे उदाहरण योगायोगाने मोटारींचेच, जुन्या मोटारींच्या बाजाराचे. चांगला माल कोणता आणि वाईट कोणता हे गिऱ्हाइकाला ओळखता येत नसेल, तर तो सरासरीचाच भाव देतो. त्या भावात चांगला माल विकणे परवडत नाही म्हणून चांगल्या मालाचे मालक बाजार सोडतात. मग सरासरी आणखी घसरते. आपल्या बाबतीत हे सरळ आहे. खोक्याचे पैसे आपण देतो. सल्ल्याचे, वेळेचे आणि दिसत नसलेल्या कामाचे देत नाही. जेथे फिटिंग फुकट, तेथे फिटरच्या पोटाची व्यवस्था कशातून व्हावयाची? त्याला दिवसाला दोनाऐवजी पाच गाड्या उरकाव्या लागतात, आणि ती घाई शेवटी त्या चार क्लिपांतून आणि चिकटपट्टीतून बाहेर पडते. मग आपण म्हणतो, हल्ली प्रामाणिक कारागीरच मिळत नाहीत.

बिलाची गोष्टही तशीच. १९८६ च्या ग्राहक संरक्षण कायद्याने आणि त्याच्या जागी आलेल्या २०१९ च्या कायद्याने गिऱ्हाइकाच्या हाती तक्रारीचे साधन दिले. परंतु कर वाचावा म्हणून "बिल नको, त्याऐवजी काही कमी करा" असे आपणच म्हणतो. एका बेइमानीत आपण दुकानदाराला भागीदार करून घेतो आणि पॅड बंद झाल्यावर त्याने इमानाने वागावे, अशी अपेक्षा करतो. ज्याने आपल्या देखत सरकारला फसवले, तो आपल्या पाठीमागे आपल्याला फसवणार नाही, हा भरवसा कोठून येतो, कोण जाणे!

म्हणून मला असे वाटते की, विश्वासू दुकान हे शोधून सापडते त्याहून अधिक ते गिऱ्हाइकांनी मिळून टिकवलेले असते. विश्वास म्हणजे डोळे मिटणे, असा याचा अर्थ नाही. प्रश्न विचारावेत, जवळ उभे राहून काम पाहावे, फ्यूज कोठे बसवला ते दाखवावयास सांगावे. चांगल्या कारागिराला अशा प्रश्नांचा राग येत नाही, आपले काम कोणी पाहते आहे याचा त्याला आनंदच होतो. आणि माल बाहेरून घेणे खरोखरच भाग असेल, तर तसे आधी सांगावे : "दादा, स्पीकर मी दुसरीकडून आणणार आहे, तुमच्या सल्ल्याचे आणि बसवण्याचे काय होतील ते सांगा." या एका वाक्याने फसवणूक संपते आणि व्यवहार सुरू होतो. दुकानदार नाही म्हणाला तर तो त्याचा अधिकार. हो म्हणाला तर त्याच्या कसबाला प्रथमच स्वतंत्र किंमत मिळाली.

यंदाच्या दिवाळीत ज्यांच्या घरी ही खरेदी निघेल, त्यांनी धनत्रयोदशीच्या संध्याकाळी दुकानात जाऊ नये, एवढीच एक व्यवहारातली सूचना करावीशी वाटते. त्या गर्दीत तुलाधाराचाही तराजू हलेल. साधा दिवस पाहावा, वडिलांचे, मुलाचे आणि आईचे अशी तीन गाणी बरोबर न्यावीत, आणि तिघांनीही ऐकावे. पत्नीने किंवा मुलाने "आणखी दोनशे कमी होतील का विचारा ना" असे म्हणून कोपराने ढोसले, तर मजुरीच्या आकड्याला हात न लावता घासाघीस खोक्याच्या किमतीवर करावी. खोके दुसरीकडेही मिळते.

जाजली वाराणसीला पोहोचला तेव्हा तुलाधार उठून उभा राहिला आणि त्याने त्याचे स्वागत केले, असे महाभारत सांगते. दुकानदाराने काय करावे हे त्यात आले. परंतु जाजलीने काय केले, तेही विसरता कामा नये. एवढा मोठा तपस्वी, पण त्या वाण्याचे बोलणे त्याने शेवटपर्यंत ऐकून घेतले, आणि ऐकलेल्याचे मोल त्याला कळले. आपल्या गावातही एखादा तुलाधार असेलच. त्याचे दुकान पुढच्या दिवाळीला उघडे असेल की नाही, हे मात्र पुष्कळसे त्याच्या पायरीवर येणाऱ्या जाजलींवर अवलंबून आहे.